बदाम न पडलेली पोस्ट

मुस्कान बागवान खुर्चीत बसलीच नाही. तिनं आपला फोन टेबलावर ठेवला, संयोगिता घोरपडेच्या बाजूला वळवला आणि म्हणाली, "हे मी पाठवलेलं नाही. मग कुणी पाठवलं, तेवढं शोधून द्या."

"आधी बस," संयोगिता म्हणाली.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून गणपतराव साळोखे उठले आणि त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. बायको वारल्यावर घरात बसवेना, म्हणून संयोगिताची गाडी चालवायला आले होते. शाहूपुरीतल्या त्या एका खोलीच्या ऑफिसात बहुतेक माणसं लग्नाआधीची चौकशी घेऊन यायची. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं काही होतं का. ही पोरगी तसल्या कामाची दिसत नव्हती.

गणपतरावांनी फोनवर वाकून पाहिलं. "ही कसली अक्षरं? चिनी काय?"

"चिनीच."

"त्यांच्या ॲपवर बंदी हाय की गं."

"बऱ्याच ॲपवर आहे, काका. हे त्यात नव्हतं." मुस्कान आता बसली. पाणी तिनं घेतलं नाही.

ती इचलकरंजीची. नोकरी शिरोली एमआयडीसीत, श्रेयस मगदूमच्या ऑफिसात. श्रेयस चीनमधून कापडाचे नवे माग आणून इचलकरंजीत विकायचा. कंपनीशी बोलता यावं म्हणून मुस्कान राजारामपुरीतल्या एका क्लासात चिनी शिकली. सराव व्हावा म्हणून तिकडच्या लोकांच्या या ॲपवर आली, घरचे फोटो टाकू लागली.

"काय टाकायचीस?" संयोगितानं विचारलं.

"काहीही. अम्मी भाकरी थापताना. तांबडा रस्सा. मध्यंतरी अमेरिकेतली माणसं लोंढ्यानं त्या ॲपवर आली, भाषांतराचं बटण आलं, मग तर कुणीही काहीही विचारायचं. भाकरी हे ताट आहे की जेवण? तुमच्यात सासू भांडते का? मी पण विचारायचे. शेकड्यांनी लाइकचे बदाम पडायचे." बदाम म्हणताना तिनं बोटांनी हवेत आकार काढला. "एकदा जोतिबाच्या यात्रेचा फोटो टाकला. गुलालात माखलेली माणसं, उंच सासनकाठ्या. तासाभरात काढून टाकला आणि वर नोटीस, की मजकूर नियमात बसत नाही. मोर्चा वाटला असणार त्यांना."

"जोतिबाला मोर्चा म्हनत्यात व्हय," गणपतराव म्हणाले.

मुस्कान हसली, पण ते तेवढ्यापुरतंच. "लिन पण हसली होती. ती त्या मागांच्या कंपनीत आहे, विक्रीनंतरच्या दुरुस्तीच्या विभागात. आधी कामापुरतं बोलायचो. मग रोजचं झालं. काय लिहायचं, काय नाही लिहायचं, ते तीच सांगायची. हा शब्द नको, अडकेल. हे बोलू नको, फोटो पाठव."

मग अपघात झाला. मुस्कानचा चुलतभाऊ फराज याच्या शेडमध्ये तौसीफ नावाचा कारागीर त्याच कंपनीच्या थांबलेल्या मागात हात घालून तुटलेला धागा सांधत होता. ब्रेक सुटला, धागा ठोकणारी फणी पुढं आली आणि दोन बोटं चेपली. मुस्काननं लिनला विचारलं. बऱ्याच आठवड्यांनी लिननं उत्तरादाखल फक्त एक फोटो पाठवला. कंपनीच्या चाचणीच्या खोलीत काढलेला, ब्रेकच्या तडकलेल्या स्प्रिंगचा. म्हणजे दोष कंपनीला आधीच ठाऊक होता.

"तो फोटो तू पोस्टमध्ये लावलास," संयोगिता म्हणाली.

"लावला. लिनचं नाव नाही घातलं. हा माग वापरणाऱ्या सगळ्यांना कळावं म्हणून लावला. नोटीस आली नाही, तेव्हा वाटलं चालली. पण बदाम एक नाही. उत्तर एक नाही. म्हटलं, लोकांना मागाचं काय पडलंय."

आठवड्याभरात लिनला साहेबांनी बोलावलं. तिच्यासमोर त्या पोस्टचं छायाचित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, ठेवलं. स्प्रिंगच्या फोटोत मागं दिसणाऱ्या भिंतीवरून तो कुणी काढला ते त्यांनी ओळखलं. तिला दुरुस्तीतून काढून पॅकिंगमध्ये बसवलं, पुढची चौकशी चालू आहे. लिननं तेच छायाचित्र मुस्कानला पाठवलं, खाली एकच ओळ लिहिली आणि मुस्कानला ब्लॉक केलं.

"काय ओळ?"

"तू त्यांना पाठवलंस."

संयोगितानं मान वर केली. "कदाचित तू पाठवलंस, असं नाही?"

"नाही. तू पाठवलंस."

"उघड्यावर लावलेली पोस्ट. कुणीही बघावी, कुणीही पाठवावी. मग तिला तुझीच एवढी खात्री का?"

"तेच मला कळत नाही." मुस्कानच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं ओढणीनं टिपलं. "तिच्या नोकरीचं मी काही करू शकत नाही. पण मी तिला विकलं नाही, एवढं तिला कळू दे. कंपनीला कुणी कळवलं ते सापडलं तर कळेल ना?"

संयोगितानं मुस्कानच्याच फोनवर ती पोस्ट उघडून घेतली. मग छायाचित्र उघडलं. बराच वेळ एकदा हे, एकदा ते बघत राहिली.

"तुझ्या फोनवर बटणं इंग्रजीत आहेत."

"हो. चिनीत वाचायला वेळ लागतो."

"अकाउंट कुठल्या नंबरावर आहे?"

"मी सुरू केलं तेव्हा आपल्या नंबरावर कोड यायचा नाही. क्लासात सरांनी उघडून दिलं. ते तिकडं शिकायला होते, तिकडचा नंबर आहे त्यांच्याकडं. नंतर प्रदर्शनाचे फोटो टाकायला ऑफिसच्या टॅबवर पण घातलं, श्रेयसदादांनी. नवं अकाउंट उघडलं तर आता आपल्या नंबरावर येतो कोड."

"येतो? मग काका, तुम्ही उघडा एक."

गणपतरावांचा स्वतःचा फोन बटणांचा. पण बायकोचा, वत्सलाबाईंचा, मोठा फोन ते खिशात ठेवायचे आणि रोज चार्ज करायचे. का, ते कुणी विचारत नसे. मुस्काननं त्यावर त्यांना अकाउंट उघडून दिलं आणि आपलं पान कसं शोधायचं ते दाखवलं.

*

इचलकरंजीच्या वाटेवर हातकणंगल्याच्या पुढं चहाला थांबले, तेव्हा गणपतरावांनी फोन काढला.

"सापडलं बघा पोरीचं पान. पर जिथं बघाल तिथं नावाशेजारी तांबडं बटण. हिच्या पानावर तांबडं, दुसऱ्याच्या पानावर तांबडं. चुकून दाबलं तर काय व्हईल?"

"तुम्ही तिच्या मागं लागलात, म्हणजे फॉलो केलंत, असं होईल. मग ते बटण करडं होतं. अजून काय दिसतं?"

"वर भाकरी थापायला बसलेली बाई हाय. त्याच्याखाली रस्सा."

"सगळ्यात वर भाकरी?"

"व्हय. मागाचा फोटो काय घावंना. माझं बोट जाड हाय, कुठंतरी चुकलं असंल." त्यांनी फोन खिशात टाकला. वत्सलाबाई असती तर तिनं पटकन शोधलं असतं, असं त्यांच्या मनात आलं.

संयोगितानं चहाचा कप खाली ठेवला.

फराजच्या शेडमध्ये आवाज एवढा, की तो ओरडूनच बोलत होता. ओरडायची सवय बाहेर आल्यावरही गेली नाही.

"पावणं, च्या घ्या की. न्हाय कसं म्हणता?"

दाराशी एक माणूस डाव्या हातानं कापडाच्या घड्या घालत होता. उजव्या हाताला पट्टी. तो तौसीफ. त्यानं मान हलवून सलाम केला आणि परत कामाला लागला.

"पोस्ट बघितलीस का?" संयोगितानं फराजला विचारलं.

"तिच्या फोनवर दावली. मी म्हटलं, दे, ग्रुपवर टाकतो, सगळ्या गावाला कळू दे. तर मलाच दम दिला. म्हणाली, तिच्या मैत्रिणीला त्रास होईल. आम्हाला झालेला त्रास दिसंना हिला."

"मग तू गुपचूप फोटो काढलास?"

"कधी काढू? फोन हातातनं सोडला न्हाय तिनं. आणि मी चिनी कंपनीला कशाला पाठवू? माझं भांडण श्रेयसशी."

शेडच्या टोकाला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कोरा माग उभा होता. गणपतरावांनी तिकडं बोट केलं. "ह्यो नवा?"

"बदलून दिला. बोंब मारली म्हणून दिला."

गाडीत बसल्यावर गणपतराव म्हणाले, "ताई, मला तर हितंच पाणी मुरतंय असं वाटतंय. पोस्ट कंपनीला दावून दम दिला आणि नवा माग उपटला."

"चीनचा माग जहाजानं येतो, काका. बंदरातून सुटून इथं पोचायला आठवडेच्या आठवडे जातात. पोस्ट फार तर पंधरवड्यापूर्वीची. हा माग त्याच्या कितीतरी आधी निघालेला."

गणपतरावांनी गिअर टाकला. "मग श्रेयस."

*

श्रेयस मगदूम तिशीतला, वडील नेमिनाथ यांचा फौंड्रीचा धंदा सोडून मागांच्या व्यापारात पडलेला. त्याचं ऑफिस फौंड्रीच्याच आवारात होतं. संयोगितानं येण्याचं कारण सांगितलं, तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला.

"ती पोरगी माझी एजन्सी घालवणार. फराजला माग बदलून द्यायचं मी अपघात झाला त्याच आठवड्यात मान्य करून घेतलं होतं. मग पोस्टा कशाला टाकायच्या?"

"पोस्ट तुम्ही पाहिली कधी?"

"मी पाहिलीच नाही."

गणपतरावांनी संयोगिताकडं बघितलं. मालकाला सगळं माहीत असणार, आणि म्हणे पाहिलीच नाही.

"कंपनीच्या साहेबांचा फोन आला, तेव्हा कळलं," श्रेयस म्हणाला. "लगेच माझ्या फोनवर तिचं पान उघडलं. भाकऱ्या, रस्से, सगळं आहे. ती पोस्ट नाही. म्हटलं, घाबरून डिलीट केली."

"मुस्कान म्हणते, तिनं डिलीट केलेली नाही."

"मग मी खोटं बोलतोय का?"

"मी असं म्हटलं नाही. तुमच्या ऑफिसच्या टॅबवर तिचं अकाउंट आहे ना? त्यावर का नाही बघितलंत?"

"तो टॅब प्रदर्शनापासून कपाटात आहे. चार्जर पण कुणीतरी नेला." त्यानं कपाट उघडून टॅब काढला. गणपतरावांनी फोनचा चार्जर गाडीतून आणून दिला. पडदा उजळायला वेळ लागला. अक्षरं सगळी इंग्रजी. ॲप उघडलं, तर ते पुन्हा कोड मागत होतं.

"तुमच्याकडं तिकडचा नंबर आहे?"

"प्रदर्शनाला गेलतो तेव्हा घेतला होता. परत आल्यावर बंद पडला. बोलणी होतात मंगळवारच्या व्हिडिओ कॉलवर, मुस्कानच्या क्लासचे धैर्यशील सर दुभाषे म्हणून असतात." तो थोडा शांत झाला. "लिनचं मलाही वाईट वाटतं, मॅडम. माझ्या एकाही ईमेलचं उत्तर तिनं कधी लटकवलं नाही."

बाहेर आल्यावर गणपतराव म्हणाले, "ह्यो लबाड बोलतोय. एजन्सी वाचवायला ह्येनंच पाठवली, आणि वर म्हणतोय दिसलीच न्हाय. पोरगी म्हणती हाय, ह्यो म्हणतोय न्हाय."

"आणि तुम्हाला?"

"मला काय?"

"तुम्हाला दिसली?"

"माझं सोडा की. मी अडाणी मानूस."

*

धैर्यशील निंबाळकरचा क्लास राजारामपुरीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. भिंतीवर चिनी अक्षरांचे तक्ते आणि एक फोटो. बर्फ, मागं मोठी इमारत, पांढऱ्या कोटात हसणारा तरुण धैर्यशील.

"डॉक्टर हायसा?" गणपतरावांनी विचारलं.

"झालो असतो." तो सवयीनं हसला. "तिसऱ्या वर्षाला सुट्टीला घरी आलो, आणि कोरोना आला. परत जाताच आलं नाही. मग हे सुरू केलं."

"आता जाणार?" संयोगितानं विचारलं. टेबलाखाली कोरी बॅग होती, दुकानाचं लेबलसुद्धा न काढलेली.

"तिकडच्या कुणी आमंत्रण दिलं की व्हिसा सोपा होतो. बघू." त्यानं चहा मागवायला फोन हातात घेतला. गणपतराव शेजारीच बसले होते. त्या फोनवर वारसुद्धा चिनीत होता.

"तुम्हाला वाचता येतं व्हय ह्ये सगळं?"

"सवय राहावी म्हणून तसाच ठेवलाय."

संयोगितानं मुस्कानच्या पोस्टबद्दल विचारलं. त्यानं मान हलवली, हळहळ वाटल्यासारखी.

"मी त्याच दिवशी पाहिली. सकाळी माझं अकाउंट उघडलं, तर पहिली तीच. म्हटलं, ही पोरगी काय करून बसली. पण एकदा लावल्यावर काय. हजारोंनी पाहिली असेल. त्यातल्याच कुणीतरी कंपनीला कळवलं. हे शोधणं म्हणजे पंचगंगेत सांडलेलं पाणी शोधण्यासारखं आहे, मॅडम."

"तिकडं असलं लिहिलेलं ठेवतात?"

"नको असलं तर काढतात आणि कळवतात. जोतिबाचा फोटो काढला तेव्हा कळवलं की नाही? ह्या वेळी नोटीस नाही. म्हणजे तपासणाऱ्यांनी सोडली. सगळ्यांना दिसली."

"तुम्ही बदाम दिलात का?"

"असल्या पोस्टला कोण बदाम देतं?"

जिना उतरताना गणपतराव म्हणाले, "मानूस सरळ वाटतोय. पोरीसारखंच बोलतोय. तिची पोस्ट हाय म्हणतोय तरी."

"हो," संयोगिता म्हणाली. "अगदी तिच्यासारखंच. काका, मंगळवारी शिरोलीला जायचंय. कॉलच्या आधी."

*

मंगळवारी श्रेयसच्या ऑफिसात मोठ्या पडद्यासमोर पाच खुर्च्या मांडल्या होत्या. संयोगिताच्या सांगण्यावरून श्रेयसनं कंपनीकडं हट्ट धरला होता: ब्रेकचा इतिहास फक्त लिनला ठाऊक, तिला आजच्या कॉलला बसवा. कंपनीनं कुरकुर करत मान्य केलं होतं. मुस्कान पडद्यासमोर हात बांधून बसली होती. धैर्यशील वेळेवर आला आणि संयोगिताला बघून थोडा अडखळला.

"कॉलला अजून वेळ आहे," संयोगिता म्हणाली. "तोवर एक गोष्ट बघू. मुस्कान, तुझ्या फोनवर तुझं पान काढ. सगळ्यात वर काय आहे?"

"मागाची पोस्ट."

"काका, तुमच्या फोनवर?"

गणपतरावांनी वत्सलाबाईंचा फोन काढला. ते ओशाळले. "मला ती भाकरीच दिसती. कुठं चुकतंय कळंना."

"श्रेयस, तुमच्या फोनवर?"

"भाकरी. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"काका चुकत नाहीत. श्रेयसही खोटं बोलले नाहीत." संयोगितानं मुस्कानचा आणि गणपतरावांचा फोन शेजारी शेजारी ठेवले. "जोतिबाचा फोटो काढून टाकला आणि कळवलं. त्यावरून सगळ्यांनी एक नियम पक्का धरला, की नोटीस नाही म्हणजे पोस्ट चालली. पण गप्प करायची दुसरीही रीत असते. पोस्ट काढायची नाही. लिहिणाऱ्याला ती तशीच दिसू द्यायची, बाकी कुणालाच नाही. लिहिणाऱ्याला वाटतं आपण बोललो. प्रत्यक्षात तो बंद खोलीत बोललेला असतो. शेकड्यांनी बदाम मिळवणाऱ्या पोरीला एकही बदाम पडत नाही, तो यामुळं."

मुस्काननं फोनवरची आपली पोस्ट पाहिली, पहिल्यांदाच बघितल्यासारखी. "म्हणजे कुणीच वाचली नाही?"

"कुणीच नाही. लिननंसुद्धा नाही. ती तुझं पान रोज बघायची. तिथं ही पोस्ट कधी नव्हती, आणि तिकडं हे असं करतात ते तिला माहीत असणार. मग साहेबांच्या हातात ती कुठून आली? तिच्या हिशेबानं, फक्त तुझ्याकडून. म्हणून तिच्या ओळीत 'कदाचित' नाही. म्हणून खात्री."

बाहेर फौंड्रीत काहीतरी जड आपटलं.

"मग साहेबांकडचं छायाचित्र निघालं कुठून? मुस्कानच्या अकाउंटच्या आत गेल्याशिवाय ते निघूच शकत नाही. ते छायाचित्रातही दिसतं. दुसऱ्याची पोस्ट बघताना नावाशेजारी तांबडं बटण असतं, आधी दाबलं असेल तर करडं. काकांना त्याचा वैताग आला होता. साहेबांकडच्या छायाचित्रात बटणच नाही. आपलीच पोस्ट बघताना ते नसतं."

"मी फोन कुणाला दिला नाही," मुस्कान म्हणाली.

"आणि तुझ्या फोनवरची बटणं इंग्रजी आहेत. छायाचित्रातली चिनी. ऑफिसचा टॅब इंग्रजीत, शिवाय त्याला कोड लागतो, तो श्रेयसांकडं येत नाही; त्यांचा तिकडचा नंबरही बंद. फराजनं फक्त तुझ्या हातातला फोन पाहिला. म्हणजे असा माणूस हवा, की ज्याचा फोन चिनीत आहे आणि तुझ्या अकाउंटचा कोड ज्याच्या नंबरावर येतो."

गणपतरावांनी हळूच मान वळवली. ज्यावरचा वारही वाचता आला नव्हता, तो फोन त्यांना आठवला.

"हे अंदाज आहेत," धैर्यशील म्हणाला. त्याचा आवाज मात्र क्लासातला राहिला नव्हता.

"तुम्ही ही पोस्ट तुमच्या अकाउंटवरून पाहिली म्हणालात. ते होऊच शकत नाही. ज्यानं बाहेरून बघितलं तो प्रत्येक जण म्हणतो, पोस्ट नाही. आहे असं म्हणणारी माणसं दोनच. एक जिनं लिहिली ती. आणि दुसरा जो तिच्या खोलीत आत शिरून बघत होता. तुम्हाला खोटं बोलायचं होतं, म्हणून तुम्ही हजारोंची गर्दी उभी केलीत. ती गर्दी कधी नव्हतीच, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, कारण तुम्हीही मुस्कानच्याच डोळ्यांनी बघत होता."

धैर्यशीलनं चष्मा काढला आणि शर्टाला पुसला. पुसतच राहिला.

"तिच्या चुका दुरुस्त करायला म्हणून अकाउंट ठेवलं होतं," तो शेवटी म्हणाला. "आधी खरंच तेवढ्यासाठीच. त्यांच्या साहेबांनी आमंत्रणाचं कबूल केलं होतं. नुसतं कबूल करून वर्ष घालवलं. मला वाटलं, काहीतरी उपयोगाचं दिलं तर हलतील." त्यानं मुस्कानकडं बघितलं नाही. "लिनचं नाव मी घेतलं नाही. आणि मला वाटलं, सगळ्यांनी पाहिलीच आहे. मी नाही तर दुसरं कुणी पाठवेल."

"दुसरं कुणी पाठवणारच नव्हतं," संयोगिता म्हणाली. "ॲपच्या तपासणाऱ्यांनी ती पुरून टाकली होती. कुणाला कळलं नसतं. लिन आज तिच्या जागेवर असती. तुम्ही उकरून काढलीत."

मग ती मुस्कानकडं वळली. "आणि तू. तू विकलं नाहीस. पण तिनं पाठवलेला फोटो तिला न विचारता लावलास."

मुस्काननं नुसती मान हलवली.

"मला काय करायला लावणार?" धैर्यशीलनं विचारलं. "पोलिसात जाणार?"

"ते मुस्कान ठरवेल. आत्ता कॉल आहे. पडद्यावर लिन असेल. मुस्कानला तिनं ब्लॉक केलंय, ती तिचं ऐकणार नाही. तुम्ही दुभाषे आहात, तुमचं ऐकावंच लागतं."

"शेजारी साहेब बसलेले असतील. त्यांच्या देखत बोललो, तर आमंत्रण विसरायचं."

"हो," संयोगिता म्हणाली.

पडद्यावर घंटी वाजली. श्रेयसनं बटण दाबलं.

पलीकडं एक पांढरी खोली दिसली. मधे सोनेरी चष्म्याचे साहेब. कडेला, अर्धी चौकटीबाहेर, राखाडी जाकिटातली एक मुलगी, केस मागं घट्ट बांधलेले. तिनं मुस्कानकडं एकदा बघितलं आणि नजर टेबलावर खिळवली.

श्रेयसनं मराठीत नमस्कार केला. धैर्यशीलनं तो चिनीत केला. साहेब काहीतरी म्हणाले. मग धैर्यशील थांबला. एवढा थांबला, की साहेबांनी कानातलं यंत्र चाचपून पाहिलं.

मग तो बोलू लागला. गणपतरावांना एक अक्षर कळत नव्हतं. म्हणून ते चेहरे बघत राहिले. जन्मभर आरशातून मागच्या प्रवाशांचे चेहरे बघितलेले. धैर्यशीलनं आपल्या फोनवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर. साहेबांचा चेहरा आधी गोंधळला, मग बंद झाला. मुस्कान धैर्यशीलच्या तोंडाकडं बघत होती, एकेक शब्द तोलत. गणपतराव तिच्याकडं वाकले.

"खरं सांगतोय काय?"

"हो," ती कुजबुजली. "सगळं."

साहेबांनी हात वर करून त्याला तोडलं. दोन वाक्यं कोरडी बोलले. धैर्यशीलनं ती मराठीत केली, मान खाली घालून: "हा विषय इथं नको. ब्रेकच्या नव्या स्प्रिंगा पुढच्या जहाजानं येतील. कृपया पुढचा मुद्दा."

श्रेयसनं कागद पुढं ओढला. पुढचा मुद्दा, त्याच्या पुढचा मुद्दा. लिन भागांचे क्रमांक सांगत होती, सपाट आवाजात, नजर टेबलावरच. गणपतरावांना वाटलं, संपलं. पोरीच्या हाती काही लागलं नाही. वत्सलाबाई आजारी असताना दवाखान्यात डॉक्टर असंच बोलायचे. सगळं बरोबर, पण वर न बघता.

साहेबांनी कागद गोळा केले. निरोपाचं काहीतरी बोलले. तेवढ्यात लिननं मान वर केली आणि बोलली. वाक्य छोटंच होतं. साहेबांनी झटकन तिच्याकडं पाहिलं. धैर्यशीलनं ते मराठीत केलंच नाही. ते त्याला विचारलेलं नव्हतं.

मुस्काननं उत्तर दिलं. आवाज फुटला, तिनं तो सावरला आणि पुन्हा बोलली. आपला उजवा हात वर करून दोन बोटं वाकवून दाखवली. मग हात खाली घेतला आणि आणखी एक वाक्य म्हणाली, हळू.

लिननं ऐकलं. होकार दिला की नुसती मान हलली, ते सांगता आलं नसतं. पडदा काळा झाला.

"काय इचारलं तिनं?" गणपतरावांनी विचारलं.

"तौसीफचा हात कसा आहे म्हणाली." मुस्कान अजून काळ्या पडद्याकडंच बघत होती. "साहेबांच्या देखत. हे विचारायची तिला काही गरज नव्हती, काका."

"आणि तू काय सांगितलंस?"

"बरा आहे, पण दोन बोटं वाकत नाहीत."

"त्ये न्हवं. त्याच्या नंतर."

मुस्काननं ओढणी नीट केली. "म्हटलं, तुला आधी विचारायला पाहिजे होतं."

धैर्यशील उठला, फोन खिशात घातला आणि कुणाकडं न बघता बाहेर गेला. त्याला कुणी अडवलं नाही.